दुसरी रेघ

धाकट्याचं वय बेचाळीस होतं, कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते, तरी सगळी गल्ली त्याला धाकटाच म्हणायची. डोक्यावर थोरला भाऊ असला की माणूस म्हातारपणीही धाकटाच राहतो, एवढं साधं कारण. पण हा गडी वयानं वाढला तसा अंगानं आणि आवाजानं आखडत गेला होता. स्वतःच्या दुकानात शिरताना अंग चोरून शिरायचा. गिऱ्हाइकानं काही विचारलं की आधी मागे वळून दादांकडे बघायचा. वडील जाताना अर्धं दुकान त्याच्या नावावर करून गेले होते, पण त्यावर हक्क सांगायचा झाला असता तर तेही त्यानं दादांना विचारूनच सांगितलं असतं.

दुकान काचांचं होतं. अरुंद आणि खोल. डाव्या भिंतीला लाकडी खण, त्यांत मोठमोठ्या शीट उभ्या. उजवीकडे फोटोच्या चौकटींच्या पट्ट्या. मधोमध कापायचं टेबल. टेबलावर जुना गालिचा अंथरलेला, कारण काचेला खालून मऊ लागतं. त्यावर एक लांब लाकडी पट्टी, रॉकेलची वाटी आणि हिरकणी. हिरकणी म्हणजे काच कापायचं हत्यार. पूर्वी तिच्या टोकाला हिऱ्याचा कण असायचा, हल्ली पोलादाचं इवलंसं चाक असतं, नाव मात्र तेच राहिलं.

काच कापतात असं आपण म्हणतो, पण काच कुणी कापत नाही. तिच्यावर एक रेघ ओढतात आणि त्या रेघेवर तिला मोडतात. रेघ चांगली उमटली की कापड फाडल्यासारखा बारीक, सलग आवाज येतो. मग शीट टेबलाच्या कडेवर सरकवायची, रेघ कडेला आणायची आणि लगेच दाबायची, कारण थांबलं की रेघ शिळी होते. आणि सगळ्यात मोठा नियम असा की रेघ एकदाच ओढायची. नीट उमटली नसेल असं वाटून त्याच जागेवरून पुन्हा हिरकणी फिरवली की काच मनाला येईल तशी फुटते, वर हिरकणीची धारही जाते. म्हणजे या धंद्यात ज्याचा स्वतःच्या हातावर भरवसा नाही, त्याची चोरी जागच्या जागी पकडली जाते.

धाकटा दुसरी रेघ ओढायचा.

पूर्वी तसं नव्हतं. विशी ओलांडली तेव्हा त्याचा हात असा होता की वडील म्हणायचे, थोरल्याकडे डोकं आहे आणि धाकट्याकडे हात. मग तो सव्वीस वर्षांचा असताना ती गोष्ट घडली. दोघं भाऊ गाडीतून एक मोठी शीट उतरवून आत आणत होते, दादा पुढे, हा मागे. दुकानाच्या दारात काच कण्हल्यासारखी वाजली. पुढचं त्याला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की आपले हात रिकामे होते आणि दादांचा उजवा हात कोपरापर्यंत लाल होता. मनगटाच्या आतल्या शिरा तुटल्या होत्या. डॉक्टरांनी शिवल्या, पण अंगठा आणि दोन बोटं पुन्हा मिटली नाहीत. खणातून मोठमोठ्या शीट एकट्यानं काढणारे दादा शर्टाची बटणं बायकोकडून लावून घेऊ लागले.

गल्लीनं दोन दिवसांत निकाल लावून टाकला. धाकट्यानं भिऊन सोडली, म्हणून सगळा भार थोरल्यावर आला. प्रत्यक्ष कुणी बघितलं नव्हतं, पण न बघितलेलं लोक जास्त खात्रीनं सांगतात. दादा त्यावर कधी बोलले नाहीत. विषय निघाला की उठून आत जायचे, आणि लोक म्हणायचे, बघा, भावाला किती जपतो. धाकट्याला मधूनच एक हाक आठवायची. आपणच ओरडलो होतो, 'दादा, सोडा' असं. पण ती खरंच मारली होती की मागाहून मनानं रचली, हे त्याला सांगता येईना. भल्या माणसाला आपल्या सोयीची आठवण आधी खोटी वाटते. खातरजमा करायला एकच साक्षीदार होता, आणि त्याच्यासमोर तर याची मान वर होत नव्हती.

त्या पहिल्या वर्षी वहिनी एकदा ताट वाढता वाढता म्हणाल्या होत्या, "तुमचं बरं आहे भाऊजी, दोन्ही हात आहेत." बाई वाईट नव्हती. पदरात लहान मुलगी, नवरा खचलेला, घरातलं दुखणं घरातच कुणावर तरी निघणार. पण त्या दिवसानंतर धाकटा घरात एका हातानं जेवू लागला. पाण्याचा पेला उचलायचा तरी आधी हातातला घास खाली ठेवायचा. वहिनींच्या ते लक्षात आलं तेव्हा त्या माजघरात जाऊन रडल्या, पण तोंडातून गेलेला शब्द परत कसा घेणार. लग्नाची दोन स्थळं आली. दोन्ही त्यानं नाकारली. ज्याला काच धरवली नाही त्याला संसार काय धरवणार, असं तो म्हणाला, आणि हे तो विनोदानं म्हणाला नव्हता.

मोठं काम त्यानं सोडलंच. फोटोच्या चौकटीपुरती वीतभर काच तो कापायचा, तीही रेघ ओढून झाल्यावर वाकून बघायचा, उमटली नाही असं त्याला वाटायचं, आणि हात आपोआप पुन्हा त्याच जागी जायचा. दहांतल्या चार काचा फुटायच्या. मोठ्या कापाकापीसाठी एक वयस्क मिस्त्री आठवड्यातून तीन दिवस येऊ लागला. दादा मापं घ्यायचे, गिऱ्हाइकांशी बोलायचे. शेजारी घड्याळं दुरुस्त करणारा घड्याळजी सकाळी चहाचा कप धाकट्याच्या हातात देताना न चुकता म्हणायचा, "धर नीट, नाहीतर सोडशील." धाकटाही हसायचा. सोळा वर्षं रोज हसायचं म्हणजे ते एक वेगळंच काम असतं.

मग मिस्त्रीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि तो दुसऱ्या गावी लेकीकडे निघून गेला. दुसरा शोधला, पण हल्ली खिडक्या कारखान्यातूनच तयार येतात; हातानं काच कापणारा माणूस मिळेना. आठ दिवसांनी दुपारी दादांनी धाकट्याला समोर बसवलं.

"महिनाअखेर दुकान बंद करू," दादा म्हणाले. "जागा मोबाईलवाला घ्यायला तयार आहे. भाडं आपण दोघं निम्मंनिम्मं घेऊ. माझं काय, मी घरी बसेन. तू काय करशील?"

"बघेन काहीतरी."

"काय बघशील? चौकटी करून पोट भरत नाही."

"दादा, तुम्ही ठरवाल तसं."

दादा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. दादांनी काहीतरी ओठांवर आलेलं गिळलं, हे धाकट्याला दिसलं. त्याला वाटलं, दूषण असणार. त्यानं खाली बघितलं.

दुकान गेलं असतं तर धाकट्याकडे दुसरं काही नव्हतं. त्याला बायको नव्हती, मूल नव्हतं, दुसरा धंदा येत नव्हता. सकाळी कुलूप काढायचं, टेबल पुसायचं, गालिच्यातले काचेचे कण ब्रशनं झाडायचे, यावर त्याचा दिवस उभा होता. त्या रात्री भांडी घासता घासता वहिनींनी सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता, दादा जेवून पडले असताना, त्या दुकानात आल्या. पदर खोचला आणि म्हणाल्या, "भाऊजी, कचऱ्याचा डबा काढा."

कचऱ्याचा डबा म्हणजे तुकड्यांचा डबा. त्यातून त्यांनी हातभर लांबीचे दहा-बारा तुकडे निवडले आणि टेबलावर मांडले.

"कापा."

"वहिनी, मला जमत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"मला एवढंच माहीत आहे की काही काचा जमतात आणि काही जमत नाहीत. कुठे बिघडतं ते बघायला आलेय."

त्यानं पट्टी लावली, रेघ ओढली, वाकून बघितलं आणि हात पुन्हा सुरुवातीला गेला. काच वाकडी फुटली. दुसरी तशीच. तिसऱ्या वेळी वहिनींनी त्याचं मनगट धरलं. तीस वर्षं स्वयंपाकघर सांभाळलेल्या बाईची नजर होती ती; दूध कुठल्या क्षणी उतू जातं हे तिला न बघता कळायचं.

"पहिली रेघ कशी झाली होती?"

"दिसली नाही नीट."

"मला कानांनी ऐकू आली. चांगली सलग होती. आता असं करू. रेघ संपली की हिरकणी माझ्या हातात द्यायची. मागितली तरी मी देणार नाही. मग त्या काचेचं काय व्हायचं ते होऊ दे."

त्यानं चौथा तुकडा घेतला. रेघ ओढली. हात मागे जायला लागला तर वहिनींचा तळवा मध्ये पसरलेला. त्यानं हिरकणी त्यावर ठेवली. आता हातात काहीच नव्हतं. काच कडेवर सरकवली, दोन अंगठे टेकवले आणि दाबलं. टक असा आवाज झाला, आणि दोन सरळ तुकडे त्याच्या दोन हातांत आले. तो ते बघत उभा राहिला.

"पुढची," वहिनी म्हणाल्या.

असं रोज चाललं, एक ते तीन. पहिल्या आठवड्यात बारातल्या सात. नंतर नऊ. ज्या फुटायच्या त्यांच्याकडे बघून वहिनी विचारायच्या, ही कशानं, आणि धाकटा आठवून सांगायचा, मध्ये दाब कमी झाला, किंवा श्वास सोडला. पूर्वी त्याला प्रत्येक फुटलेली काच म्हणजे आपण, असं वाटायचं. आता ती फक्त फुटलेली काच होऊ लागली, तिला काहीतरी कारण असलेली. एके दिवशी तो टेबलाच्या लांबीएवढी काच कापून मोकळा झाला आणि हिरकणी द्यायला वळला, तर वहिनी तिथं नव्हत्याच. त्या दारात भाजीवाल्याशी हुज्जत घालत होत्या. त्यानं हिरकणी स्वतःच बाजूला ठेवली आणि घाम पुसला.

हे सगळं दादांपासून लपवून चाललं होतं, असं त्या दोघांना वाटत होतं. पण काचवाल्याचा कचरा म्हणजे त्याचं प्रगतिपुस्तक. दादा रोज संध्याकाळी तुकड्यांचा डबा बघत. पूर्वी त्यात वाकडे, टोकदार तुकडे असायचे; आता सरळ कडांच्या पट्ट्या दिसू लागल्या. ते कुणाला काही बोलले नाहीत. फक्त महिना संपायला चार दिवस राहिले असताना वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई आल्या, त्यांच्या वाचनकक्षाची मोठी काच तडकली होती, आणि दादांनी ते काम घेतलं. सहा फूट बाय चार, जाड काच. कामाच्या वहीत 'कापणार' या रकान्यात इतकी वर्षं मिस्त्री लिहिलेलं असायचं. दादांनी डाव्या हातानं वेडंवाकडं 'धाकटा' लिहिलं आणि वही उघडी ठेवून घरी गेले.

धाकट्यानं ते वाचलं आणि त्याला रात्रभर झोप आली नाही. आधी त्याला राग आला, मग भीती वाटली, आणि पहाटे पहाटे, सांगायला लाज वाटावी इतका, आनंद झाला.

सकाळी नऊला दुकानात तिघंच होते. जाड काचेच्या तीन शीट खणात होत्या. एक टेबलावर आणली, पुसली, माप दोनदा घेतलं. माप कितीदाही घ्यावं, त्याला बंदी नाही. मग धाकट्यानं हिरकणी रॉकेलमध्ये बुडवली, पाय रोवले आणि शीटच्या दूरच्या कडेपासून स्वतःकडे ओढत आणली. आवाज सलग आला. सहा फूट. शेवटाला पोचल्यावर त्याच्या मनात आलंच, मध्ये जरा हलकी झाली का? सोळा वर्षांची सवय एका महिन्यात मरत नसते. त्यानं हिरकणी टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवली, जिथून ती उचलायला चार पावलं चालावं लागलं असतं, आणि काच कडेवर घेतली. अंगठे दाबले तशी ती टक करून मोडली. कड सुरीनं कापलेल्या साबणासारखी सरळ होती.

दादा जवळ आले, डाव्या हाताचं बोट त्या कडेवरून टोकापर्यंत फिरवलं आणि म्हणाले, "बाबांना दाखवायला हवी होती."

इथवर सगळं ठीक होतं. पण शीट बाहेरच्या हातगाडीवर न्यायची होती आणि हातगाडीवाला एकटाच आला होता, तो गाडी धरून उभा. वहिनी पुढे झाल्या. दादा म्हणाले, "तू राहू दे. मी धरतो."

"तुमच्या हाताला झेपणार नाही."

"डाव्यानं धरतो, उजव्यानं टेकू देतो. अजून मेलेलो नाही मी."

धाकट्यानं तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. त्याला ते माहीत होतं. पण थोरल्या भावाला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती, आणि नुकतंच बाबांचं नाव निघालं होतं. दोघांनी शीट उभी उचलली, दादा पुढे, धाकटा मागे. दारापर्यंत गेले. दाराशी दादांच्या उजव्या हाताखालून काच घसरली, खालचा कोपरा दगडी उंबऱ्यावर टेकला, फार जोरात नाही, आणि ती कण्हली.

"दादा, सोडा."

धाकट्यानं हात मागे घेतले, एक पाऊल मागे सरला. आणि समोर दादांचे दोन्ही हात वर होते, मोकळे. काच दोघांच्या मध्ये कोसळली. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. दादांचे हात अजून वरच होते, कुणी बंदूक रोखल्यासारखे. रक्त कुठेच नव्हतं.

लोक जमले. घड्याळजी डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवत सगळ्यांत आधी आला, उंबऱ्यावरचा ढीग बघितला आणि म्हणाला, "काय रे धाकट्या, परत सोडलीस?"

धाकट्याचं तोंड उघडलं होतं, पण त्याआधी दादा बोलले. ते मोठ्यानं बोलले, आणि घड्याळजीकडे बघूनच बोलले.

"त्यानं सांगितलं म्हणून आज मी सोडली. तेव्हाही त्यानं सांगितलं होतं. 'दादा, सोडा' म्हणून ओरडला होता, मला स्वच्छ ऐकू आलं होतं. काच सुटली की झेलायची नसते, हात मागे घ्यायचा, हे बापानं आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. यानं ते पाळलं. मला वाटलं मी वाचवेन. मी झेलायला गेलो. हा हात माझ्या मूर्खपणानं गेला."

घड्याळजीनं भिंग पुन्हा डोळ्यावर घेतलं, मग काढलं. वहिनी नवऱ्याकडे बघत होत्या, त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढलेल्या बाईनं कधी बघितलं नसेल असं.

"सोळा वर्षं," त्या म्हणाल्या. "मी भाऊजींना काय काय बोलले आणि तुम्ही ऐकत होतात."

"ऐकत होतो," दादा म्हणाले. मग ते भावाकडे वळले, आणि आता आवाज बसला होता. "आधी दुखणं होतं, म्हणून बोललो नाही. मग लोक तुझं नाव घ्यायला लागले. मला वाटलं, सांगू पुढे कधीतरी. मूर्ख म्हणवून घेण्यापेक्षा बिचारा म्हणवून घेणं सोपं जातं रे. मग तू कापायचा बंद झालास, आणि तेव्हा तर सांगायची लाजच वाटायला लागली. जितका उशीर झाला तितकी जास्त."

धाकटा उंबऱ्याच्या आत उभा होता. त्याला वाटलं होतं, ती हाक खरी निघाली तर आपण रडू, किंवा हलकं वाटेल. त्याला संताप आला. असा संताप त्याला आयुष्यात आला नव्हता. नाकारलेली दोन स्थळं, एका हातानं जेवलेली जेवणं, रोज सकाळचा चहा आणि त्यावरचं हसणं, सगळं एकदम समोर आलं. हे सगळं एका वाक्यानं टळलं असतं, आणि ते वाक्य रोज त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेलं होतं. त्याला दादांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. त्यानं ते केलं नाही. पण वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

"मला विचारायचं होतं," तो म्हणाला. "रोज विचारायचं होतं, की मी ओरडलो होतो का."

"माहीत आहे मला."

"माहीत होतं तुम्हाला."

दादांनी मान खाली घातली. काही अपराध असे असतात की त्यांना शिक्षा सुचत नाही आणि माफीही लगेच सुचत नाही. धाकट्यानं कोपऱ्यातला झाडू घेतला आणि उंबरा झाडायला लागला. वहिनी सूप घेऊन आल्या. दोघांनी मिळून काच भरली, बारीक कण ओल्या फडक्यानं टिपले, आणि तेवढा वेळ दादा तसेच उभे होते, आत यावं की जावं हे न कळून. दुकानाच्या दारात असं उभं राहायची पाळी त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

झाडून झाल्यावर धाकट्यानं घड्याळात बघितलं. सव्वादहा. बाईंना दुपारपर्यंत काच हवी होती. तो खणाकडे गेला आणि म्हणाला, "वहिनी, दुसरी शीट घेऊ. तुम्ही त्या टोकाला या." ती दोघांनी टेबलावर आणली. माप घेतलं. लोक अजून दारात होते, आणि धाकट्यानं सोळा वर्षांत चारचौघांसमोर काच कापली नव्हती. हात थरथरत होता, रागानं. त्यानं हिरकणी खाली ठेवली, माठातलं पाणी प्यायला, दोन्ही तळवे पँटला पुसले आणि हात थांबेपर्यंत वाट बघितली. बराच वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

मग त्यानं रेघ ओढली. एकच. यावेळी तिच्याकडे वाकून बघावंसंही त्याला वाटलं नाही. काच सरळ मोडली आणि घड्याळजी, ज्याला कुणी विचारलं नव्हतं, हळूच म्हणाला, "वा." नंतर तो आपल्या दुकानात गेला. उद्या चहा देताना काय बोलायचं, याचा त्याला आता नव्यानं विचार करावा लागणार होता.

वहिनी शीटच्या पुढच्या टोकाला आल्या आणि हात घालणार, तेवढ्यात धाकटा म्हणाला, "तुम्ही दार धरा. पुढे दादा येतील."

"भाऊजी, नको."

"येतील. पण आता मी सांगेन तसं." आणि तो दादांकडे वळला. आवाज चढलेला नव्हता, पण तो आवाज त्या दुकानानं याआधी ऐकला नव्हता. "उजवा हात लावायचाच नाही. खुंटीवरचा तो चामडी पट्टा काचेखालून घ्या, डाव्या खांद्यावर टाका. भार पट्ट्यावर येऊ दे. उंबऱ्याशी मी थांब म्हणेन तिथं थांबायचं. वाजली, तर सोडायची. काचा अजून आहेत."

दादांनी पट्टा खांद्यावर घेतला. पुढच्या टोकाशी येऊन उभे राहिले आणि उचलायला वाकले, ते वाकलेलेच राहिले. दोन्ही हात कापत होते, चांगला आणि अधू, सारखेच. साठीकडे झुकलेला तो माणूस दारासमोर, सगळ्या गल्लीदेखत, त्या काचेला घाबरला होता. कदाचित इतकी सगळी वर्षं घाबरलेलाच होता, फक्त त्याच्या वाटचं घाबरायला घरात दुसरं कुणीतरी होतं.

धाकट्यानं ते बघितलं. त्याच्या मनातला राग गेला नव्हता. तो जायला पुढे बरेच महिने लागले, आणि पुरता गेला असं तो आजही म्हणत नाही. दुकान बंद झालं नाही. वहीतल्या त्या रकान्यात अजून त्याचंच नाव असतं. पण त्या क्षणी त्यानं काचेच्या मागून भावाचा चेहरा बघितला, आणि काय वाटतं ते ओळखायला त्याला वेळ लागला नाही, कारण ते त्याला आतून बाहेरून पाठ होतं.

"भीती वाटतेय?" त्यानं विचारलं.

"वाटतेय," दादा म्हणाले.

"वाटू दे. उचला."

आणि दोघांनी काच उचलली.